स्काइपहून टीम्सवर : आमच्या स्थलांतराचा धडा




गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मावशींचा फोन आला. आमच्या वसतिगृहासाठी त्या बरीच वर्षे नेमाने देणगी पाठवतात आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारची प्रार्थनासभा कधी चुकवत नसत. आवाजात राग होता. "सभा बंद केलीत तर निदान एक पोस्टकार्ड तरी टाकायचं. मी मे महिन्यापासून पहिल्या शनिवारी कॉम्प्युटर उघडून बसते आणि तुमच्या मुली काही दिसत नाहीत."

सभा बंद झालेली नाही. ती दुसऱ्या ठिकाणी गेली आहे, आणि ते मावशींपर्यंत पोहोचवायचे काम माझे होते. मी त्यांची क्षमा मागितली. तुमच्यापैकी आणखी किती जण असे रिकाम्या पडद्यासमोर बसले असतील, या विचाराने रात्री झोप लागली नाही. म्हणून या अंकातील अभ्यासलेख याच विषयावर लिहीत आहे. अर्धा भाग माझ्या चुकीचा आहे आणि अर्धा तुमच्या उपयोगाचा.

घडले ते असे. आपण ज्या स्काइपवर भेटत होतो, ती सेवा मायक्रोसॉफ्ट कंपनीने ५ मे २०२५ रोजी बंद केली. तसे २८ फेब्रुवारीलाच जाहीर केले होते. तिच्या जागी त्याच कंपनीचे टीम्स वापरा, असे सांगितले होते. स्काइप २००३ साली सुरू झाले. स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनी ते काढले, आणि मूळ प्रोग्राम लिहिणारे तरुण एस्टोनिया या छोट्याशा देशातले होते. आधी फक्त आवाज होता, चित्र मागाहून आले. परदेशी गेलेल्या मुलांशी आईवडील पैसे न मोजता बोलू लागले ते तेव्हापासून. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी आजीआजोबांनी नातवंडांचे पहिले पाऊल तिथेच पाहिले आहे. पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप विकत घेतले आणि २०१७ पासून तीच कंपनी टीम्स चालवू लागली. एका घरात दोन चुली झाल्या होत्या, त्यातली जुनी विझवली. फोनवरच्या गुगल ड्युओचेही २०२२ मध्ये असेच झाले होते, ते गुगल मीटमध्ये मिसळले. तेव्हा आमच्या तरुण संघाच्या मुलांनी ते एका दुपारी आटोपले, त्यामुळे हेही तसेच आटोपेल असे मी धरून चाललो.

आता आमच्या बुधवारविषयी सांगतो. नव्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. सातपुड्याच्या या भागात, नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही तो दोष आला तर मुलाच्या रक्तातील गोल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत तशा कळा येतात. अशा मुलाला ताप आला किंवा ते एकाएकी पांढरे पडू लागले तर तासांचा हिशेब करावा लागतो. आमच्या दवाखान्यात सिस्टर आहेत, डॉक्टर नाहीत. म्हणून दर बुधवारी सायंकाळी पुण्याचे एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ, ज्यांना मुली डॉक्टरकाका म्हणतात, स्काइपवर यायचे. सिस्टर मुलाला कॅमेऱ्याजवळ आणून खालची पापणी ओढून दाखवायच्या, मग तळहात, मग जीभ. डॉक्टरकाका म्हणायचे, "दिव्याखाली आणा. हं. आता पुन्हा." २०१४ पासून हे चालू आहे. डॉक्टरकाकांकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यामुळे जे काही दिसायचे ते त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरच. आमच्याकडेही मोबाइलची रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. कार्यालयातील तारेचे इंटरनेट आणि तो जुना लॅपटॉप एवढाच आमचा आधार.

मार्चमध्ये डॉक्टरकाकांचा संदेश आला होता की ते नव्या ठिकाणी गेले आहेत, आम्हीही यावे. शहात्तर वर्षांच्या माणसाने हे सूचना वाचून स्वतः केले. मी त्या संदेशाखाली अंगठ्याचे चित्र टाकले आणि विसरलो. विसरायला कारणही मिळाले. त्या मधल्या आठवड्यांत टीम्सवरून केलेला कॉल स्काइपवाल्याला लागत होता, त्यामुळे बुधवार नेहमीसारखेच पार पडत राहिले. आमची खिडकी जुनी आणि त्यांची नवी, हे कुणाला जाणवलेच नाही. पडद्यावर वरच्या बाजूला एक पट्टी रोज दिसायची. मी रोज ती बंद करायचो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा होत्या, मग हिशेबतपासणी, मग पुनरुत्थानाच्या सणाची तयारी. ज्याला काम टाळायचे असते त्याला कामेच फार असतात.

५ मे सोमवारी होता. बुधवारी, ७ तारखेला, सायंकाळी सहाच्या सुमारास आमच्या वसतिगृहातील सहावीतल्या एका मुलीला तिचे वडील मोटरसायकलवरून घेऊन आले. ती सुट्टीसाठी पाड्यावर गेली होती. दोन दिवस ताप, पोटात दुखते, उठून बसवत नाही. मेचे ऊन आणि अंगातले पाणी कमी होणे या आजारात फार वाईट. धाकट्या सिस्टर तिला घेऊन कार्यालयात आल्या, मी लॅपटॉप उघडला, आणि स्काइप मला टीम्सकडे जा म्हणू लागले. गेलो. तिथे पासवर्ड मागितला. तो कुणालाच ठाऊक नव्हता. लॅपटॉप अनेक वर्षे उघडलेलाच होता, कुणी कधी बाहेर पडलेच नव्हते, मग आत शिरायची वेळ कशाला येणार? "पासवर्ड विसरलात का" म्हणून दाबले, तर सांकेतिक आकडा पाठवतो म्हणाले, एका अशा मोबाइल नंबरवर ज्याचे शेवटचे दोन अंक पाहून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

पाऊण तास गेला. तिकडे डॉक्टरकाका नव्या खिडकीत वाट पाहत होते. शेवटी लँडलाइनवरून त्यांच्या घरी फोन लावला.

"पापणीच्या आतला रंग सांगा," ते म्हणाले.

"फिकट आहे."

"किती फिकट? मागच्या महिन्याइतकी की त्याहून?"

सिस्टरांना ते सांगता येईना. रंग कसा सांगणार? मग त्यांनी पोटाची डावी बाजू चाचपायला सांगितली. पाणथरी हाताला लागत होती. "मला दिसत नाही, म्हणून मी थांबा म्हणणार नाही," डॉक्टरकाका म्हणाले, "आत्ता जीप काढा. वाटेत पाणी पाजत न्या, आणि पोहोचल्यावर पहिलं वाक्य सिकलसेल हे बोला." जिल्ह्याच्या गावी पोहोचायला दोन तास लागले. त्या रात्री तिला रक्त चढवले. पाचव्या दिवशी ती घरी आली आणि आता शाळेत जाते. नंतर मी डॉक्टरकाकांना विचारले की त्या पाऊण तासाने काय झाले असते. ते म्हणाले, "या वेळी खपला." त्याहून अधिक ते बोलले नाहीत आणि मलाही विचारायचे धैर्य झाले नाही.

योहानाची दुसरी आणि तिसरी ही पत्रे मी त्या आठवड्यात पुन्हा वाचली. नव्या करारातील सर्वांत छोटी दोन पत्रे. दोन्हींच्या शेवटी लिहिणारा वडील एकच गोष्ट सांगतो: सांगायचे खूप उरले आहे, पण ते लिहून सांगण्यापेक्षा भेटून सांगावे अशी त्याची इच्छा आहे. एकात तो कागद आणि शाईचा उल्लेख करतो, दुसऱ्यात शाई आणि बोरूचा. कागद म्हणजे त्या काळचा पपायरस, लव्हाळ्यापासून केलेला. शिकत असताना या वचनांवरून आम्हाला सहभागितेचा अर्थ शिकवला होता व तो खराच आहे. पण आता माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीवर गेले. साधन अपुरे आहे हे त्याला माहीत होते, तरी बोरू टोकदार होता, शाई वाळलेली नव्हती, आणि पत्र नेणारा माणूस कोण हे ठरलेले होते. समोरासमोर भेटण्याची ओढ असलेला माणूस दौतीकडे दुर्लक्ष करत नाही. मी वर्षानुवर्षे आमच्या बुधवारसाठी प्रार्थना केली आणि त्या खात्याचा पासवर्ड कुठे लिहिलेला आहे हे एकदाही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अनोळखी नंबरचा शोध लागला. ते खाते आमच्या आधीच्या अधीक्षकांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर उघडले होते. ते आता निवृत्त होऊन श्रीरामपूरला राहतात. नंबर सुदैवाने चालू होता. मी फोन केला, म्हटले, सर, तुम्हाला एक आकडा येईल, तो मला सांगा. ते म्हणाले, "मुळीच नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेने शिकवलं आहे." मी नाव सांगितले, वसतिगृहाचे नाव सांगितले. "आवाज कुणाचाही काढता येतो हल्ली." त्यांनी फोन ठेवला, त्यांच्या जुन्या वहीत कार्यालयाचा लँडलाइन नंबर शोधला, त्यावर स्वतः फोन केला, मी उचलला तेव्हा मला आमच्या विहिरीजवळच्या झाडाचे नाव विचारले, आणि मगच आकडा सांगितला. त्यांच्या या वागण्याचा मला तेव्हा वैताग आला होता. आज मी तुम्हा सर्वांना तसेच वागायला सांगतो. स्काइप बंद झाले म्हणून तुमचे पैसे परत देतो, खाते हलवून देतो, असा कुणाचा फोन आला तर तो ठेवून द्या. हलवण्यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

खाते उघडले आणि नव्या ठिकाणी जुनी यादी जशीच्या तशी आली. नावे, गट, संदेश. त्यात वरून पाचव्या नावावर थोरल्या सिस्टर होत्या.

जुन्या वाचकांना त्या आठवतील. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचे स्वतःचे खाते होते आणि त्यावरून त्या डॉक्टरकाकांना व कार्यालयाला प्रत्येक मुलाची नोंद लिहीत. वजन किती, गोळी घेतली की उशीखाली लपवली, कुणाची आई ऊसतोडीला गुजरातमध्ये गेली आहे आणि म्हणून कुणाला रात्री भीती वाटते. सात वर्षांच्या नोंदी. आम्हाला वाटत होते की हे सारे त्यांच्या वहीत आहे, आणि ती वही पहिल्या दोन वर्षांचीच निघाली. बाकी सगळे इथे होते. पासवर्ड मिळालाच नसता तर हे गेले असते, आणि गेले हे कुणाला कळलेही नसते. त्यांचा शेवटचा संदेश एका लहान मुलाच्या वजनाविषयी आहे. चारशे ग्रॅम वाढले म्हणून त्यांनी पुढे हसरा चेहरा टाकला आहे. तो मुलगा आता पाचवीत आहे.

इस्राएल लोक मिसरातून निघाले तेव्हा घाई इतकी होती की पीठ आंबवायलाही वेळ नव्हता. तरीही निर्गमाच्या तेराव्या अध्यायात मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या असे आहे. रात्रीच्या त्या धावपळीत कुणीतरी ती शवपेटी कुठे ठेवली आहे हे माहीत असलेले होते. त्या अस्थी शखेमात पुरल्या जाईपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला, म्हणजे वाहणारे बदलले, पण ओझे कुणी टाकले नाही. धाकट्या सिस्टर आणि मी चार संध्याकाळी बसून थोरल्या सिस्टरांच्या नोंदी उतरवून घेतल्या. छापून, शिवून, दोन प्रती केल्या. एक दवाखान्यात, एक डॉक्टरकाकांकडे.

आता उपयोगाचे. ज्यांनी अजून हे केलेले नाही, त्यांनी हा अंक हाती पडताच करावे; जुन्या स्काइपवरचे संदेश व फोटो जानेवारी २०२६ पर्यंतच ठेवले जातील असे कंपनीने सांगितले होते. त्यानंतर ते पुसले जाणार होते. टीम्स उघडल्यावर तुमच्या स्काइपचेच नाव आणि तोच पासवर्ड घालायचा आहे. नवे खाते काढू नका. अहमदनगरच्या एका बंधूंनी नवे काढले आणि त्यांची यादी कोरी निघाली. त्यांना वाटले आम्ही त्यांना वगळले. दुसरी एक गफलत नोकरदारांची होते: त्यांच्या फोनवर ऑफिसचे टीम्स आधीच असते, ते त्यातच शिरतात आणि तिथे अर्थातच काही सापडत नाही. ऑफिसचे खाते वेगळे, घरचे वेगळे. ज्यांना टीम्स वापरायचेच नव्हते पण जुने फोटो हवे होते, त्यांना ते नुसते उतरवून घेण्याचीही सोय ठेवली होती. परदेशातील आपले काही हितचिंतक स्काइपमध्ये पैसे भरून आमच्या लँडलाइनवर फोन करत असत. तशी विक्री नव्याने होत नाही. शिल्लक असेल तर ती वापरून टाकावी.

आणि एक गोष्ट, जी मला ७ मे रोजी माहीत असायला हवी होती. टीम्सच्या सभेला येण्यासाठी खाते लागतेच असे नाही. बोलावणाऱ्याने लिंक पाठवली तर कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून, फक्त आपले नाव लिहून, पाहुणा म्हणून आत येता येते. डॉक्टरकाका तिकडे बसलेलेच होते. त्यांनी आमच्या ईमेलवर एक लिंक पाठवली असती तर पाच मिनिटांत ती पापणी त्यांना दिसली असती. आता कार्यालयाच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरात लावले आहे. शेजारी खात्याचे नाव आणि पासवर्डचे पाकीट कुठल्या कपाटात आहे, हेही. खाते संस्थेच्या ईमेलवर व कार्यालयाच्या मोबाइलवर बदलून घेतले आहे. तुमच्या मंडळीचे असे एखादे खाते असेल तर ते कुणाच्या नावावर आहे, हे येत्या पंचकमिटीत एकदा विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या.

नवे सगळेच बरे आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपला टीम्स जड जाते, उघडायला चहा होईल एवढा वेळ घेते. पावसाळ्यात तार ओली झाली की चित्र थिजते. तेव्हा आम्ही समोरून येणारी चित्रे बंद करून फक्त आवाज ठेवतो, त्याची सोय त्यात आहे, आणि मग चालते. आमच्यावर कृपा करून सभेच्या वेळी तुम्हीही आपापला कॅमेरा बंद ठेवा. बोलायची पाळी आली की उघडा. मुलींना तुम्हाला पाहायचे असते हे मला ठाऊक आहे, पण पन्नास चेहरे त्या तारेतून उतरत नाहीत.

वेळेचेही बंधन आले आहे. टीम्सवर पैसे न भरता अनेकांची सभा साठ मिनिटेच चालते. जूनच्या सभेत आमचे वडीलधारे पाळकसाहेब आशीर्वचनासाठी हात उचलून उभे होते आणि पडदा काळा झाला. पुन्हा लिंक पाठवून सर्वांना परत गोळा करीपर्यंत निम्मे जेवायला गेले होते. दुसरीकडे जावे का असा विचार झाला. झूममध्ये फुकट वेळ चाळीसच मिनिटे आहे, गुगल मीटमध्ये तिघांहून अधिक असले तर साठ, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमध्ये बत्तीसच जण मावतात. तेव्हा टीम्सच ठेवले आणि क्रम बदलला. आता आधी मुलींचे गीत, मग प्रार्थनेचे विषय, मग प्रार्थना, पन्नासाव्या मिनिटाला आशीर्वचन. काहींना हे घड्याळ खटकते. मला स्वतःला ते आवडू लागले आहे. पूर्वी आमची निवेदने लांबत आणि प्रार्थनेला शेवटची दहा मिनिटे उरत. आता मला अहवाल दोन वाक्यांत द्यावा लागतो.

नाशिकच्या मावशींकडे त्यांच्या शेजारचा एक कॉलेजचा मुलगा जाऊन बसला आणि अर्ध्या तासात काम झाले. तुमच्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्ती असतील तर तरुण संघाने असे एकेक घर वाटून घ्यावे ही विनंती. पासवर्ड त्या व्यक्तीनेच टाकावा, मुलाने फक्त शेजारी बसावे.

आपली पुढील प्रार्थनासभा शनिवार, ३ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी ७ वाजता आहे. लिंक हवी असल्यास आपले नाव व ईमेल कार्यालयाला कळवावे. ज्यांच्याकडे ईमेल नाही, त्यांनी लँडलाइनवर फोन करावा, फोन टेबलावर ठेवून आम्ही तुम्हाला सभा ऐकवू. पावणेसातपासून मुली कॅमेऱ्यासमोर बसलेल्या असतील. मे महिन्यात आजारी पडलेली ती मुलगी लवकर येणाऱ्यांची नावे वाचून दाखवण्याचे काम करते, तेव्हा आपले नाव मराठीत लिहा, तिला इंग्रजी अक्षरे अजून अडतात.